मंगळावर गाडी चालवणारे साथीत काय करत होते? बाबांच्या प्रश्नाला उत्तर

ती. बाबा आणि आई,

सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढी साथ आली, एवढी माणसं गेली, तेव्हा तुमची अवकाशवाली मंडळी काय करत होती? मंगळावर गाडी चालवत होती ना?" आई मागून "जाऊ द्या हो" म्हणाली आणि विषय तिथेच राहिला. प्रश्न खोचक होता, पण गैर नव्हता. फोनवर उरकण्यासारखं त्याचं उत्तर नाही, म्हणून लिहिते.

तर हो, चालवत होती. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतली, म्हणजे जेपीएलमधली, क्युरिऑसिटी रोव्हरची, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या गाडीची, टीम २० मार्च २०२० पासून घरी बसून काम करू लागली. मंगळाचे फोटो त्रिमितीत बघायला ऑफिसात खास संगणक आणि खास चष्मे असतात. ते घरी नेता येईनात, तेव्हा या लोकांनी लाल-निळ्या काचांचे साधे चष्मे डोळ्यांवर चढवले. दोन दिवसांनी रोव्हरने ठरल्याप्रमाणे खडकाला भोक पाडलं. पण त्याच जेपीएलमधली दुसरी काही माणसं त्या दिवसांत व्हेंटिलेटर बनवत होती. मला सांगायचंय ते मुख्यतः त्यांचं.

माझं काम तुम्हाला माहीत आहे: यानातल्या टाक्या, नळ्या, झडपा. कोणत्या दाबाने किती वायू सोडायचा, कधी अडवायचा, झडप अडकली तर काय करायचं. व्हेंटिलेटर आतून बराचसा हेच आहे. फरक इतकाच की यानाची टाकी खोकत नाही. आई, तू आयसीयूत उभी हयात काढलीस, तुला हे मी काय सांगणार! हवा कमी पडली तर माणूस गुदमरतो, जास्त दाबाने गेली तर फुप्फुसाला इजा होते, आणि श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब राखला नाही तर वायुकोश मिटून जातात. कोविडमध्ये ताठर झालेल्या फुप्फुसांना तर हे सगळं एकाच वेळी सांभाळून हवं.

त्या इंजिनियरांपैकी वैद्यकीय यंत्रं बनवण्याचा अनुभव जवळजवळ कुणालाच नव्हता. म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांना गाठलं आणि नेमकी अडचण काय आहे ते विचारून घेतलं. त्यातून जे ठरलं ते मला फार आवडतं. सर्वांत उत्तम व्हेंटिलेटर बनवायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांचं यंत्र मध्यम आजारी रुग्णांसाठी, म्हणजे महागडी, सर्व सोयींची यंत्रं अत्यवस्थ माणसांसाठी मोकळी राहतील. ते वर्षानुवर्षं टिकायची गरज नाही, तीन-चार महिने चाललं तरी पुरे. आणि सगळ्यात महत्त्वाची अट ही, की नेहमीचे व्हेंटिलेटर बनवणाऱ्या कंपन्या जे भाग विकत घेतात त्यांना हात लावायचा नाही. आधीच तुटवडा, त्यात आपण गिऱ्हाईक म्हणून रांगेत घुसलो तर एक यंत्र वाढेल आणि दुसरं अडेल. बाबा, हा विचार तुमच्यासारख्या हिशेबी माणसाला पटेल. मदत करायला धावणाऱ्यांच्या तो सहसा डोक्यात येत नाही.

त्या यंत्राचं नाव 'वाइटल'. नेहमीच्या व्हेंटिलेटरच्या साधारण एक सप्तमांश भागांत ते बसवलं. काम सुरू केल्यापासून ३७ दिवसांत नमुना तयार झाला. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या वैद्यकीय संस्थेत, रुग्णाची नक्कल करणाऱ्या कृत्रिम शरीरावर त्याची परीक्षा झाली, आणि ३० एप्रिल २०२० ला औषधांना आणि वैद्यकीय यंत्रांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने आणीबाणीच्या वापराची परवानगी दिली. एक प्रकार रुग्णालयातल्या दाबाखालच्या हवेवर चालणारा आणि दुसरा, जिथे तशी सोय नाही तिथल्यासाठी, स्वतःचा काँप्रेसर असलेला. आराखडा जगभरातल्या निवडक कंपन्यांना फुकट दिला. त्यात भारतातल्या तीन होत्या: भारत फोर्ज, अल्फा डिझाइन आणि मेधा सर्वो ड्राइव्ह्ज.

आपल्याकडे इस्रोच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रानेही पुढच्या वर्षी तीन व्हेंटिलेटर तयार केले: 'प्राण', 'वाउ' आणि 'स्वस्त'. 'प्राण' म्हणजे, आई, तुमची ती हाताने दाबायची अंबू बॅग. ती दाबण्याचं काम यंत्राकडे दिलं आणि किती दाबायचं, किती वेळा, यावर संगणकाचा लगाम ठेवला. 'स्वस्त' विजेशिवायही चालावा असा बनवला. हे वाचल्यावर मला तू सांगितलेली ती रात्र आठवली, लाइट गेल्यावर तुम्ही आळीपाळीने बॅग दाबत बसला होतात ती.

आता यातली खोच. यंत्रं तयार होईपर्यंत डॉक्टरही शिकत होते. रुग्णाला पालथं झोपवणं, नाकातून जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन देणं, यावर बऱ्याच जणांचं भागतं, लगेच नळी घालायची घाई नको, हे त्यांच्या लक्षात येत गेलं. म्हणजे मार्चमध्ये जो प्रश्न सोडवायला घेतला तो वर्षअखेर तसाच राहिला नव्हता. भारतात दुसरी लाट आली तेव्हा ओरड ऑक्सिजनची होती.

आणि ऑक्सिजन तर आमच्या रोजच्या व्यवहारातला! रॉकेटच्या क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनाच्या, इंजिनात तो द्रवरूपात, उणे १८३ अंशांना, हायड्रोजनबरोबर जळतो. तमिळनाडूत महेंद्रगिरीला इस्रोचं इंजिन चाचणीचं मोठं केंद्र आहे. तिथला द्रव ऑक्सिजन २०२१ मध्ये टँकर भरभरून रुग्णालयांकडे गेला. इथे नवा शोध काही नव्हता. टाक्या होत्या, प्लांट होता, इतका थंड द्रव न सांडता कसा हाताळायचा हे जाणणारी माणसं होती. मला विचाराल तर अवकाशवाल्यांच्या हातून साथीत झालेल्या कामांत हे सर्वांत सरळ आणि सर्वांत कमी गाजलेलं काम. 'श्वास' नावाचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही त्याच सुमाराला विक्रम साराभाई केंद्रात झालं: हवेतला नायट्रोजन गाळून मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन देणारं, एका वेळी दोन रुग्णांना पुरणारं.

उलट बाजूही सांगते, म्हणजे तुम्हाला एकांगी वाटायला नको. अमेरिकेत लँडसॅट ९ या उपग्रहाचं उड्डाण सप्टेंबर २०२१ मध्ये पुढे ढकलावं लागलं, कारण रुग्णालयांच्या ऑक्सिजनच्या मागणीचा ताण वाहतुकीवर पडून, प्रक्षेपणाला लागणारा द्रव नायट्रोजन तळावर वेळेवर पोचेना. उपग्रह थांबला आणि रुग्ण पुढे गेले. कुणी तक्रार केल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

उपग्रहांबद्दल मात्र मी थोडी सावध आहे. त्या काळात "उपग्रहांनी साथीवर नजर ठेवली" असं सर्रास छापून यायचं. विषाणू काही वरून दिसत नाही. दिसत होतो ते आपण. युरोपच्या सेंटिनेल ५पी उपग्रहाने २०२० च्या सुरुवातीला चीनवर नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरलेला टिपला, मग उत्तर इटलीवर. हा वायू गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून येतो आणि काही तासांत विरतो, त्यामुळे त्याच्या नकाशात आजची रहदारी जवळपास आजच दिसते. कार्बन डायऑक्साइड हवेत वर्षानुवर्षं राहतो, त्यात असा खड्डा दिसणं अवघड. पुढे नासा, युरोपची ईसा आणि जपानची जाक्सा या अवकाश संस्थांनी मिळून २५ जून २०२० ला एक सामायिक माहितीफलक सर्वांसाठी खुला केला. रात्रीचे दिवे कुठे मंदावले, विमानतळांवर किती विमानं उभी आहेत, असलं सगळं त्यात. टाळेबंदी खरोखर किती पाळली गेली आणि उद्योग कधी हलू लागले, हे कुणाच्या सांगण्यावर न विसंबता तपासायला ते उपयोगी होतं. रोग रोखायला त्याचा थेट उपयोग बेताचाच.

जिथे रोग हवापाण्याला बांधलेला असतो तिथे गोष्ट वेगळी. पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली ताप नावाचा रोग आहे, गुराढोरांचा आणि त्यांच्याकडून माणसांना होणारा. त्याच्या डासांची अंडी कोरड्या खोलगट जमिनीत पडून राहतात, विषाणूसकट, कधी कधी वर्षानुवर्षं. अतिवृष्टीने ते खोलगट भाग भरले की अंडी फुटतात. अतिवृष्टी येते समुद्राचं पाणी तापल्याने, आणि समुद्राचं तापमान, पाऊस, जमिनीवरची हिरवळ, हे सगळं उपग्रहाला दिसतं. नासाच्या शास्त्रज्ञांनी ही साखळी जोडून २००६ च्या सप्टेंबरपासून धोक्याच्या सूचना दिल्या, आणि डिसेंबरात केनियात खरोखर रोगाचा उद्रेक झाला. माणसं दगावलीच. पण पथकं आणि गुरांच्या लसी हलवायला काही आठवड्यांची उसंत मिळाली. बाबा, अवकाशावरच्या खर्चाचं समर्थन करायची वेळ आली तर मी व्हेंटिलेटरच्या आधी हे उदाहरण देईन.

आणि विलगीकरण! २०२० मध्ये सगळ्यांना पाठ झालेला हा प्रकार आमच्याकडे जुना. अपोलो ११ चे तिघे चंद्रावरून आल्यावर त्यांना, चंद्र सोडल्यापासून २१ दिवस पुरे होईपर्यंत, कोंडून ठेवलं होतं, न जाणो तिथले जंतू बरोबर आले असतील तर. (समुद्रात उतरल्यावर यानाचं दार उघडलं तेव्हाच आतली हवा बाहेर गेली होती, पण ते असो.) अपोलो १३ च्या वेळी केन मॅटिंग्ली या अंतराळवीराला रुबेलाचा, म्हणजे जर्मन गोवराचा, संसर्ग झाला असेल म्हणून ऐन वेळी उतरवलं. त्याला तो झालाच नाही. जाणाऱ्या सगळ्यांनाच उड्डाणाआधी वेगळं ठेवायची शिस्त पुढच्या मोहिमेपासून सुरू झाली.

आई, एक खास तुझ्यासाठी. जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे साथ जगभर पसरायच्या थोडंसं आधी, एका वैद्यकीय नियतकालिकात अवकाश स्थानकावरच्या एका अंतराळवीराची केस छापून आली. मानेच्या शिरेत रक्ताची गुठळी. आणायचं तर कुठे आणणार? जमिनीवरच्या डॉक्टरांनी बोलून बोलून सोनोग्राफी करवून घेतली. स्थानकावर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं मोजकी होती, ती मालवाहू यानातून गोळ्या येईपर्यंत पुरवून वापरली. वजनरहित अवस्थेत कुपीतून औषध सिरिंजमध्ये ओढणंसुद्धा सोपं नसतं म्हणे. दोन-तीन महिन्यांनी अर्धं जग डॉक्टरांशी पडद्यावरून बोलू लागलं, तेव्हा मला सारखी ही केस आठवायची.

आता तुझ्याकडे एक काम आहे. आमच्याकडे सध्या यानातल्या धोक्याच्या सूचनांची प्रतवारी चालू आहे: कोणती वाजावी, कोणती नुसता दिवा लावून थांबावी. तू म्हणायचीस की वॉर्डात रात्रभर इतकी यंत्रं वाजत की खरा धोक्याचा आवाज त्यात बुडून जाई. तर तुम्ही कोणत्या आवाजाला पळत सुटायचात आणि कोणता नुसता बटण दाबून बंद करायचात, ते जरा आठवून लिही. हात दुखत असला तर बाबांकडून लिहून घे. बाबा, मधे मधे शेरे मारायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

तुमची,
मनू