रिकाम्या चौकटीबद्दल, काका

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

परवा पर्स झटकताना तुम्ही दिलेली चौकट फरशीवर पडली, कोपरा तुटला आणि मला रडूच आलं. "प्लास्टिकच्या तुकड्यासाठी रडतेस?" घरचे म्हणाले. त्यांना काय सांगणार? फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, चहा झाला का?" म्हणून विषय तोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता तोडून दाखवा.

तुमच्या दुकानाची पायरी चढले तेव्हा फोटोचा नाद सोडल्यात जमा होता. पासपोर्ट फोटो हवा होता, एवढंच. त्याआधी एका मोठ्या शहरातल्या क्लासला अठरा हजार भरले होते. पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांचे कॅमेरे टेबलावर मांडायला लावले. कुणाचा कितीचा, लेन्स कुठली. माझा तडा गेलेला फोन बघून म्हणाले, "मॅडम, यावर स्टेटस टाका." वर्ग हसला. पुढं महिनाभर काय शिकले म्हणाल, तर नवा कॅमेरा हप्त्यावर कसा मिळतो ते! पतसंस्थेत दुसऱ्यांच्या कर्जाच्या फायली बघणारी मी, स्वतःच कोटेशन घेऊन हिंडत होते.

तुम्ही मात्र कॅमेरा कुठला ते विचारलंच नाहीत. गिऱ्हाईक ताटकळत असताना माझ्या फोनमधले फोटो एकेक करून बघितलेत. रंकाळ्यावरच्या सूर्यास्ताशी थांबलात. "हितं तू कशासाठी थांबलीस?"

उत्तर देता येईना. सगळे काढतात म्हणून काढला होता.

मग तुम्ही कपाटातला पत्र्याचा डबा काढलात. त्यातली एक स्लाइड, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत बसवलेला फिल्मवरचा फोटो, उचललीत, नखानं तिची चौकट उकललीत, आतली फिल्म कडेनं धरून पाकिटात सरकवलीत आणि मोकळी चौकट माझ्या तळहातावर ठेवलीत. "आठ दिवस फोन काढायचा न्हाई. हिच्यातनं बघायचं."

काका, रिकामी चौकट डब्यात दुसरी असेलही. तुम्ही तुमच्या फोटोची काढून दिलीत. क्लासच्या अठरा हजारांत मला कुणी बसायला धड खुर्ची दिली नव्हती.

जेमतेम साडेतीन सेंटिमीटर रुंदीची ती खिडकी. डोळ्यापासून पाच सेंटिमीटरवर धरली की ५० मिलिमीटरच्या लेन्सला दिसतं साधारण तेवढंच दिसतं. हात पुरता लांब केला की लांबचा एवढासा तुकडाच चौकटीत उरतो, जशी पक्षी टिपणाऱ्यांची लाखाची लेन्स! केएमटीच्या बसमध्ये लोक माझ्याकडं बघायचे, मी त्यांच्याकडं चौकटीतनं. पहिले दोन दिवस नुसते होर्डिंग आणि वायरी दिसल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी गंगावेशीत म्हशीची धार काढताना बघत होते. सरळ समोरून बघितलं तर सगळं मळकट. दोन पावलं बाजूला सरकले, तर बल्ब म्हशीच्या पाठीआड गेला, तिच्या पाठीला उजेडाची कड आली आणि चरवीतला फेस चमकायला लागला. हातात कॅमेरा नाही, फोन पर्समध्ये, आणि मी तिथंच उभी. कशासाठी थांबले, ते मला त्या दिवशी सांगता आलं असतं.

तो फोटो नंतर त्याच फोननं काढला. तडाही तोच होता. तुम्ही आगफा क्लिक थ्री या जुन्या साध्या कॅमेऱ्यावर सुरुवात केलेले, रोलमध्ये बाराच फोटो, त्यामुळं तुम्हाला त्यात नवल वाटलं नाही. मी फोनला नावं ठेवल्यावर तेवढे चिडलात. "आपल्या कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी कॅमेरा सोता जुळवला, १९२० ला त्येच्यावर काढलेला सिनेमा लोकांना दावला. आन् तू तयार फोनला रडायलीस?"

गिऱ्हाइकाच्या हातातली वस्तू बघून त्याची किंमत ठरवणारी माणसं मी काउंटरवर रोज बघते. कधीकधी मीही त्यांतलीच असते. तुमच्याकडनं आल्यापासून माझ्या टेबलावर कुणी फाटक्या पिशवीतनं कागद काढले की आधी त्याला बसायला सांगते.

तुटलेला कोपरा चिकटवलाय. थोडी वाकडी झालीये, पण चालतंय. बदलीमुळं सांगलीत अडकलेय, गणपतीला नक्की येते. तेव्हा ते पाकीट शोधून ठेवा. त्या दिवशी माझं सगळं लक्ष चौकटीकडं होतं. तुम्ही काढून ठेवलेल्या फिल्मवर कशाचा फोटो होता, ते मी बघितलंच नाही.

तुमची,
पासपोर्ट फोटोचे पैसे अजून देणं असलेली पोरगी