मेंदूने लिहायचे तर चौकट मराठीची हवी

महोदय,

मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडमुळे वाचा गेलेला रुग्ण पुन्हा ‘बोलू’ लागल्याच्या बातम्या अलीकडे मराठी वृत्तपत्रांत ठळकपणे येतात. मथळा बहुधा एकच असतो : ‘मनातले विचार वाचणारे यंत्र’. तो चुकीचा आहे आणि ज्या घरात एएलएसचा (शरीराचे स्नायू हळूहळू लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचा) रुग्ण आहे तिथे तो भलती आशा लावतो. यंत्र विचार वाचत नाही. रुग्ण बोलण्याचा प्रयत्न करतो, ओठ आणि जीभ हलवण्याचे आदेश मेंदूतून निघतात पण स्नायूंपर्यंत पोहोचत नाहीत. इलेक्ट्रोड ते आदेश उगमापाशीच टिपतात. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील चमूने अशा एका रुग्णाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवून, सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातून सुमारे ९७.५ टक्के शब्द अचूक ओळखल्याचे प्रसिद्ध केले. वेग होता मिनिटाला साधारण ३२ शब्द. हे यश फार मोठे आहे. पण ते इंग्रजीतले आहे आणि त्यासाठी कवटी उघडावी लागली.

शस्त्रक्रियेशिवाय जे आजच शक्य आहे त्याकडे मात्र आपले लक्ष नाही. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून चालणारा पी-३०० स्पेलर, म्हणजे मेंदूच्या संकेतावरून एकेक अक्षर निवडणारी यंत्रणा, फारवेल आणि डोंचिन या संशोधकांनी १९८८ मध्येच मांडली. पडद्यावर ६×६ अक्षरांची चौकट असते, तिच्या ओळी आणि स्तंभ एकेक करून उजळतात. हवे ते अक्षर उजळले की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत पी-३०० नावाची एक लहर उठते. ती इतकी क्षीण असते की एका झळकीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून साधारण दहा फेऱ्यांची सरासरी घ्यावी लागते. एका फेरीत १२ झळका, प्रत्येकी १७५ मिलिसेकंद, म्हणजे २.१ सेकंद. दहा फेऱ्यांचे २१, वर तीन सेकंदांची उसंत. एका निवडीला २४ सेकंद.

आता देवनागरी घ्या. ‘स्वातंत्र्य’ दिसायला तीन अक्षरे, पण काना, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण धरून निवडी होतात अकरा. सगळी चिन्हे एकत्र मांडायची तर ८×८ ची चौकट लागते. रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी देवनागरीसाठी तसे करून पाहिले आहे. पण तिथे फेरी १६ झळकांची होते आणि वरच्याच हिशेबाने एका निवडीला ३१ सेकंद लागतात. ‘पाणी हवं’ या दोन शब्दांना (मधली मोकळी जागा धरून आठ निवडी) ४ मिनिटे ८ सेकंद!

याला आपल्या लिपीतच उत्तर आहे. क ते ळ ही व्यंजने ३४. त्यांतली ङ आणि ञ रोजच्या बोलण्यात लागत नाहीत. उरलेली ३२ आणि ‘स्वर व इतर’, ‘जागा’, ‘अनुस्वार’, ‘खोडा’ हे चार चौकोन मिळून बरोबर ३६. व्यंजन निवडले की पुढे फक्त बाराखडीची ४×४ चौकट यावी : बारा मात्रा, अनुस्वार, पाय मोडणे, ‘मात्रा नाही’ आणि ‘खोडा’. तिची फेरी आठच झळकांची, निवड १७ सेकंदांत. ‘पाणी हवं’ला आता नऊ निवडी होतात, पण वेळ ३ मिनिटे ८ सेकंदांवर येतो. चौकट लहान झाली की हवे ते अक्षर वारंवार उजळते आणि पी-३०० थोडा क्षीण होतो, म्हणून तिथे दोन फेऱ्या वाढवाव्या लागल्या तरी मिनिटाच्या तीन चतुर्थांशाहून जास्त बचत उरतेच. याशिवाय खात्री पटताच फेऱ्या थांबवणारी प्रणाली वापरली तर आणखी वेळ वाचतो.

अचूकतेकडे दुर्लक्ष करून वेग मोजण्यात अर्थ नाही. चुकलेले अक्षर खोडायलाही तितकीच वेळ लागते. अचूकता ८० टक्के असेल तर आठ निवडींचा मजकूर पुरा व्हायला सरासरी तेरा-चौदा निवडी लागतात, ७० टक्क्यांना वीस. पन्नासवर आली की मजकूर पुढे सरकतच नाही.

आणि अचूकता बिघडते ती बऱ्याचदा खाटेपाशी. आपल्याकडे रुग्णाच्या डोक्याला मायेने खोबरेल तेल चोपडतात. त्या थराने इलेक्ट्रोडचा रोध (विजेच्या संकेताला होणारा अडथळा) वाढतो. टोपी घालण्याआधी साध्या शाम्पूने केस धुऊन नीट कोरडे करावेत आणि रोध १० किलोओहमच्या खाली आल्याशिवाय सुरुवात करू नये. पी-३०० जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा, त्यामुळे हवेच्या गादीचा पंप किंवा सक्शन मशीन शेजारी असेल तर वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण त्याला गिळून टाकते. खोलीतल्या प्लगला खरे अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे, लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. उशीचा दाब मागच्या इलेक्ट्रोडवर येतो, म्हणून मानेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. इलेक्ट्रोडखाली लावलेले जेल काही तासांत सुकते, दुपारी संकेत ढासळला तर आधी तेच पाहावे. रुग्णाची नजर अजून चांगली फिरत असेल तर टोपीपेक्षा नजरेवर चालणारा ट्रॅकर किंवा साधा अक्षरफलक वेगवान ठरतो, हेही कुटुंबाला स्पष्ट सांगायला हवे.

पुढचा अडसर भाषेचा. इंग्रजी यंत्रणा शब्दांच्या ठरावीक यादीवर तगते. मराठीत ‘घर’चे घरात, घरातून, घरासमोरच्याला असे कितीतरी होते, त्यामुळे मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे सुचवणारी प्रणाली लागेल. ती बातम्यांच्या मजकुरावर शिकवली तर ‘पाणी’ लिहिताच ‘पाणीटंचाई’, ‘पाणीपुरवठा’ सुचवेल. खाटेवरच्या माणसाला म्हणायचे असते ‘पाणी पाज’, ‘कूस बदल’, ‘कफ काढ’, ‘पंखा कमी कर’. पुढे बोलण्याचा प्रयत्न टिपणारी यंत्रणा मराठीत आली तर त - ट, क - ख हे भेद आणि ‘जग’ (दुनिया) व ‘जग’ (जगणे) यांतले दोन वेगळे ज तिला मराठी माणसांकडूनच शिकावे लागतील. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पांसाठी ही चौकट आणि हा शब्दसंग्रह घ्यावा, परिचारिका आणि घरच्यांनी अशी वाक्ये त्यांना पुरवावीत, वऱ्हाडी किंवा मालवणी असतील तर तशीच.

एक काम तर कोणत्याही यंत्राची वाट न पाहता करता येते. डेव्हिसच्या रुग्णाला संगणकाने त्याच्याच जुन्या आवाजात बोलते केले, कारण आजारापूर्वीची ध्वनिमुद्रणे उपलब्ध होती. एएलएसचे निदान झाले त्याच आठवड्यात, जीभ जड होण्याआधी, पंखा बंद करून मोबाइल वीतभर अंतरावर ठेवावा आणि रोज दहा-पंधरा मिनिटे रुग्णाला मोठ्याने वाचू द्यावे. घरातल्या माणसांना तो ज्या नावांनी हाक मारतो, ती नावेही त्यात घ्यावीत.

– जैववैद्यकीय अभियांत्रिकी आणि वाचा-उपचार क्षेत्रांतील काही वाचक, पुणे