रविवारची हिशोबाची मीटिंग, सगळ्यांनी थांबायचंय

जय ख्रिस्त मंडळी, येत्या रविवारी उपासना झाल्यावर लगेच घरी पळू नका. वर्षाच्या हिशोबाची मीटिंग चर्चमध्येच आहे. जालन्याहून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीचा टाईम बघून ठेवा, मागच्या वेळी अर्धे लोकं मधूनच उठून गेले अन् मग ठराव कसा पास झाला म्हणून महिनाभर कुरकुर चालली, ते बरं नाही.

आपण बाप्टिस्ट आहोत, आपल्यावर बिशप म्हणजे वरचा धर्माधिकारी नाही, मंडळीचा म्हणजे चर्चचा निर्णय मंडळीच घेती, म्हणून हात वर करायला माणूस हजर पाहिजे. अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट लोकांचंच बघा, १९२५ पासून त्यांच्या मंडळ्या एका सामायिक फंडात स्वखुशीने पैसे देतात, जबरदस्ती कुणावर नाही. २०२४ ला स्त्री पाळकांना (म्हणजे पास्टरांना) मनाई करायची घटना दुरुस्ती मतदानाला आली, ६१ टक्के मतं पडूनही दोन तृतीयांश झाली नाहीत म्हणून पडली. प्रश्न कुठलाही असो, मोजणी उघड झाली.

दशांशाचं (कमाईच्या दहाव्या हिश्श्याच्या दानाचं) अन् छताच्या दुरुस्तीचं पावतीबुक खजिनदार सोबत आणणारेत. ज्याला शंका असंल त्याने तिथंच विचारा, बाहेर चहाच्या टपरीवर नको. तरुण पोरंपोरी, बायका, सगळ्यांनी बोलायचं.