पिस्तुलाच्या अर्जाआधी हे वाच

आयर्व्हिंग, टेक्सस
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या रात्री तुझा मेसेज आला आणि तेव्हापासून मला चैन नाही. पंपावरची रोकड घेऊन निघालास, दोघांनी मोटरसायकल आडवी घातली, पिशवी ओढली, तू सोडली नाहीस. मागनं ट्रक आला म्हणून ते पळाले. खांद्याला सात टाके. आणि एवढं सगळं दोन ओळींत उरकून खाली लिहिलंस, "रिव्हॉल्व्हरच्या लायसनचा अर्ज आणलाय. तू तिकडं शिकलायस, तर सांग, कुठलं घेऊ?"

कुठलं घ्यायचं ते सांगायला दोन मिनिटं पुरतील. घ्यावं का, हे सांगायला मात्र हे पत्र.

मी पिस्तूल चालवायला का शिकलो ते तुला अर्धवटच ठाऊक आहे. २०२२ च्या डिसेंबरात मी कामासाठी ह्यूस्टनला होतो. रात्री पावणेतीनला आमच्या घराच्या मागच्या दाराची काच फुटली. हिनं पोरीला उचललं, वरच्या बाथरूममध्ये कडी लावून बसली आणि पोलिसांना फोन लावला. अलार्म वाजला तसे आलेले लोक पळाले. काही गेलं नाही. पण मी पहाटे गाडी हाणत घरी पोचलो तेव्हा पोर अजून त्या टबातच बसली होती, टॉवेल अंगाभोवती गुंडाळून, आणि बाहेर यायला तयार नव्हती. तो टॉवेल माझ्या डोळ्यांसमोरनं अजून जात नाही.

नुसत्या व्हिसावर असतो, तर शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडता बंदूक बाळगताच आली नसती. ग्रीन कार्ड आदल्या वर्षीच आलं होतं. टेक्ससात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला हँडगन बाळगायला परवानाही लागत नाही. तरी आम्ही दोघांनी परवान्याचा वर्ग केला. चार ते सहा तासांचा वर्ग, त्यात कायदा, हाताळणी, लहान मुलांपासून हत्यार कसं दूर ठेवायचं ते, आणि भांडण हातघाईवर न येता कसं मिटवायचं हाही सक्तीचा विषय. मग गोळीबाराची परीक्षा. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, अडीचशे गुण, पास व्हायला एकशे पंचाहत्तर. मला दोनशे अडतीस पडले, हिला दोनशे चव्वेचाळीस. घरी येताना गाडीत वाटलं, चला, आता घर सुरक्षित झालं.

ते खरं नव्हतं, हे पुढच्या सहा महिन्यांत कळलं.

परवान्यानंतर मी एका निवृत्त पोलिसाकडे शिकायला लागलो. पहिल्याच आठवड्यात त्यानं काय केलं ऐक. माझ्याकडं पाठ करून मॅगझिन भरलं, त्यात खऱ्या काडतुसांमध्ये दोन-तीन प्लास्टिकची खोटी काडतुसं मिसळली. कुठली कुठं आहेत मला माहीत नाही. धड, धड, धड. चौथ्यांदा चाप ओढला तर नुसतं 'टक्'. आवाज नाही, धक्का नाही, आणि तरीही नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलेलं मला माझ्याच डोळ्यांनी दिसलं. म्हणजे गोळी सुटायच्या आधीच माझा हात तिला घाबरून खाली दाबत होता. आधीच्या गोळ्यांना हे होत नव्हतं असं नाही, आवाजात लपत होतं. तो दचका घालवायला मला तीन महिने आणि हजारावर गोळ्या लागल्या. तिकडं लायसनवर वर्षाला मोजकीच काडतुसं मिळतात. तू सराव कशावर करणार?

तू म्हणशील, कोल्हापूरच्या पोरापोरींनी जग जिंकलं. जिंकलंच. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सोनं आणलं, राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला रायफलमध्ये ब्राँझ. मला त्यांचा फार अभिमान आहे, इथल्या रेंजवर भेटेल त्याला सांगत असतो. पण त्या खेळात समोरची पाटी तुझ्या अंगावर धावून येत नाही, आणि श्वास कधी रोखायचा ते तू ठरवतोस.

धावून येणं काय असतं ते माझ्या त्या पोलीस वस्तादानं नंतर दाखवलं. १९८३ साली सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकानं मोजून लिहिलं होतं, की सुरा घेतलेला धडधाकट माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. एकवीस फूट म्हणजे तुमच्या पंपाच्या ऑफिसच्या दारापासून पहिल्या मशीनपर्यंत, फार तर. माझ्या कमरेला शर्टाखाली निळं प्लास्टिकचं पिस्तूल, समोरच्याच्या हातात रबरी सुरा. तो कधी सुटणार ते मला माहीत नाही.

पहिल्यांदा तो आला तेव्हा माझ्या मुठीत शर्टच होता आणि सुरा बरगडीला लागलेला. दुसऱ्यांदा पिस्तूल अर्धं बाहेर आलं, तेवढ्यात त्यानं मिठी मारली आणि एका पिस्तुलावर चार हात पडले. ते एकदा कमरेतनं निघालं, की ते दोघांचं होतं. त्याच्या हातात जास्त ताकद असेल तर त्याचं होतं. तिसऱ्या वेळेला मी पिस्तुलाकडं हातच नेला नाही. काही ठरवलं नव्हतं, अंग आपोआप तिरकं सरकलं, दोन्ही हातांनी त्याचं सुऱ्याचं मनगट धरलं, पुढं ओढलं आणि मी त्याच्या पाठीमागं. तसाच धरून ठेवला. वस्तादानं शिट्टी वाजवून थांबवलं आणि विचारलं, हे कुठं शिकलास?

दोस्ता, मला तिथं रडू येईल की काय असं झालं. पहाटे पाच वाजता त्या लाल मातीत आपल्याला घोळसणारे आपले वस्ताद आठवले. "आधी हात धर, माणूस मग." पंचवीस वर्षांनी, चौदा हजार किलोमीटरवर, त्यांचा शब्द माझ्या मनगटातनं आला.

आता तुझी ती रात्र आठव. ते अंगावर आले तेव्हा अंतर किती होतं? एक हात. तुझा उजवा हात पिशवीत गुंतलेला. रिव्हॉल्व्हर असतं तर कुठल्या हातानं काढलं असतंस? आणि त्यांना ते कमरेला आहे हे आधीच कळलं असतं, तर पिशवीच्या आधी त्यांनी काय ओढलं असतं?

त्यानंतर मी जुजित्सू, म्हणजे जमिनीवर पडून धरपकड करायची झुंज, शिकायला सुरू केलं. आठवड्यातनं तीन संध्याकाळी, दोन वर्षं उलटली. खाली मातीऐवजी फोमच्या मॅट. सुरुवातीला आपली कुस्ती आडवी आली. चितपट होऊ नये म्हणून आपण पोटावर वळतो, मान आत घालून मातीला चिकटून राहतो, ते हाडात भिनलेलं. इथं पोटावर वळलो की समोरचा पाठीवर चढतो आणि मागनं गळ्याभोवती हात घालतो. पहिला महिनाभर मी दर वेळी तसाच गुदमरून 'हरलो, सोड' अशी हातानं थाप देत होतो. पाठीवर पडूनही लढता येतं, उलट पाय समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये राहिले तर खाली असलेला माणूस सुरक्षित असतो, हे मानायला मन तयार होईना. पण रस्त्यावर कुणी ढकलून पाडलं तर पंच येऊन कुस्ती सोडवत नाहीत. तिथं खालून उठायचं कसं, हेच पहिल्यांदा शिकायचं.

आणि ती थाप. ती दिली की समोरचा लगेच सोडतो, म्हणून पूर्ण जोरानं झटता येतं. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुदोची शाळा काढली तेव्हा जुन्या जुजित्सूतले जीवघेणे डाव सरावातून बाजूला ठेवले, जेणेकरून उरलेले डाव समोरच्यावर पूर्ण जोरानं, तो पूर्ण विरोध करत असताना, रोजच्या रोज मारता यावेत. त्यांच्याच शाळेतले मित्सुयो माएदा ब्राझीलला गेले, तिथं ग्रेसी घराण्यात ही विद्या रुजली आणि आज टेक्ससात लाँड्रीशेजारच्या गाळ्यात ती मी शिकतो. आपल्या तालमीचंही तेच आहे. खडाखडीत समोरचा खरंच पाडायला बघतो, म्हणून शिकलेलं अंगात उतरतं. एक दिवसाचं शिबिर घेऊन मुलींना चार लाथा आणि दोन कोपरं शिकवतात, त्याला मी नावं ठेवत नाही, ओरडायचं धाडस तरी त्यातून येतं. पण ज्यानं कधी विरोध करणाऱ्या माणसाला धरलेलं नाही, त्याच्या हातात ऐन वेळी काही येत नाही. पिस्तुलाचंही तसंच.

आता कायद्याचं. ते तू वकिलाला विचारशीलच, पण माझ्याकडनंही ऐकून ठेव. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, तिच्यातली ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची. जबरी चोरीत प्रसंगी जीव घेण्यापर्यंतही हक्क जातो, हे खरं. पण लागेल तेवढंच बळ, त्याहून जास्त नाही. आणि धोका टळला की हक्कही संपला. ते दोघं पळत असताना तू पाठीमागनं गोळी घातली असतीस, तर फिर्याद द्यायला गेलेला तू आरोपी होऊन बसला असतास. रागात असलेल्या माणसाला तो एक क्षण ओळखता येतो का? तुझा राग मला माहीत आहे रे.

लायसनसाठी १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. जिल्हाधिकारी कार्यालय, पोलिसांचा अहवाल, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. निवडणूक लागली की बहुधा हत्यार ठाण्यात जमा करायला लावतात. ते सगळं तू निभावशील. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि तीच लिहायला मी चार दिवस घेतले.

तुझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. बारावी, नीटचे क्लास, पहाटे चारला उठणं. मागच्या फोनवर वहिनी म्हणाल्या, हल्ली तो जेवताना बोलत नाही. मी तेव्हा काही बोललो नाही. अमेरिकेत बंदुकीनं जे मृत्यू होतात त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोर वर्षात एकदा येईल, नाहीतर कधीच येणार नाही. घरातल्या हत्याराच्या जवळ बाराही महिने घरातलीच माणसं असतात. मी माझं पिस्तूल बोटाच्या ठशानं उघडणाऱ्या पेटीत ठेवतो, पेटी भिंतीला बोल्टनं ठोकलेली, काडतुसं वेगळ्या कुलपात. नऊ वर्षांच्या पोरीला हिनं आणि मी समोर बसवून सांगितलंय, की कुठल्याही मैत्रिणीच्या घरी असलं काही दिसलं तर हात लावायचा नाही, तिथनं निघायचं, मोठ्यांना सांगायचं. तरी खंडेनवमीला आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "शस्त्रपूजेला ठेवलंस का रे ते?" तेव्हा मी नाही म्हटलं. हळदकुंकू वाहायला काढलं की पोरीच्या नजरेत ते देवघरातलं होईल. पूजेला मी तालमीतला लंगोट ठेवला.

तुला हुकूम करायचा माझा अधिकार नाही. पण माझ्या जागी तू असतास तर मला हेच सांगितलं असतंस. अर्ज भरू नको.

त्याऐवजी काय, ते सांगतो. रोकड रात्री घरी न्यायचीच नाही. पंपावर जमिनीत गाडलेली, वरनं नोटा टाकता येतील पण मॅनेजरलाही उघडता येणार नाही अशी तिजोरी बसव, आणि 'चावी इथं नसते' असा मोठा फलक लाव. बँकेची गाडी येऊन रोकड उचलते का ते विचार, पैसे लागतील, लागू देत. ते जमेपर्यंत भरणा दिवसा, रोज वेगळ्या वेळी, दोघांनी मिळून. आणि पुन्हा कुणी पिशवी ओढली तर सोड. त्या पिशवीत किती होते तू लिहिलं नाहीस, पण सात टाके मानेजवळ पडले असते तर तो आकडा वहिनींना कुणी सांगितला असता?

खांदा बरा झाला, डॉक्टरनं हो म्हटलं, की तालमीत जायला लाग. पोरालाही ने. कुस्ती नाही खेळला तरी चालेल, चार जोर मारू दे, माती अंगाला लागू दे, कुणाशी तरी झटू दे. एका जागी बसून त्याचं अंग आणि मन दोन्ही आखडलंय असं मला वाटतं. येत्या रविवारी मी फोन करतो, तेव्हा त्याच्याकडं दे, मला एकट्यानं बोलायचंय.

जानेवारीत मी तीन आठवडे येतोय. तोवर अर्ज खणात राहू दे. टाके काढले की फोटो पाठव. वस्तादांच्या घरी कोण कोण आहे आता, आणि तालमीच्या हौद्यातली माती या वर्षी बदलली का, तेही कळव.

तुझा,
तालमीतला जोडीदार