ट्रायफलची कृती छापताना मापे द्यावीत

महोदय,

उन्हाळा लागला की पुरवण्यांतून ट्रायफलची, म्हणजे केक, फळे आणि कस्टर्ड यांचे थर लावलेल्या गोड पदार्थाची, कृती हमखास येते. ‘कस्टर्ड करून घ्यावे, आवडीची फळे घालावीत, थर लावून गार करावे’, एवढ्यात ती संपते. पदार्थ नेमका जिथे बिघडतो त्याबद्दल मात्र एक अक्षर नसते. म्हणून हे पत्र.

दीड लिटरच्या काचेच्या भांड्याला अर्धा लिटर सायीचे दूध, तीन सपाट टेबलस्पून कस्टर्ड पावडर, चार टेबलस्पून साखर, 200 ग्रॅम साधा स्पंज केक आणि 400 ग्रॅम चिरलेली फळे पुरतात. पाकिटावर बहुधा दोन चमचे लिहिलेले असते. ते वाटीत ओतून खायच्या कस्टर्डचे माप. थर उभा राहायला तिसरा चमचा लागतोच. पावडर गार दुधातच कालवावी, गरम दुधात गुठळ्या होतात. कस्टर्ड दाटले की लगेच गॅस बंद करू नये. पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचे पिष्ट (कॉर्नफ्लोअर). मंद आचेवर ढवळत आणखी दोन मिनिटे खदखदू दिले नाही तर कच्चट चव राहते. चाखलेला चमचा पुन्हा पातेल्यात बुडवू नये. लाळेतला घटक पिष्ट तोडतो आणि छान दाटलेले कस्टर्ड काही वेळाने पातळ होते. पुष्कळ घरी दोष पावडरीला दिला जातो, कारण हे असते.

सर्वाधिक घात करतो तो न शिजवलेला अननस. त्यातले ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिने तोडते. कस्टर्ड कडू होते, पाणी सुटते. न शिजवलेली पपई आणि किवी यांचेही तेच. अननसाचे तुकडे दोन चमचे साखर घालून आठ-दहा मिनिटे शिजवून गार करावेत. उरलेला पाक स्पंज भिजवायला उत्तम. हापूसचा रस घालायचा तर कस्टर्ड पूर्ण गार झाल्यावरच. गरम दुधात आंबटपणाने फाटते. केळ्याला लिंबाचा रस चोळावा. कलिंगड घालूच नये, ते नुसते पाणी सोडते. चिरलेल्या फळांवर आधी साखर भुरभुरली तरीही पाणी सुटते, आणि तेच खाली उतरून स्पंजचा चिखल करते. फळे कापडाने टिपून घ्यावीत.

जेलीचा थर हवा असल्यास चायना ग्रास (समुद्री शेवाळापासून केलेले अगर-अगर) वापरावे. जिलेटिनची जेली कोमट कस्टर्डनेही वितळते; चायना ग्रासची एकदा जमली की सुमारे 85 अंशांपर्यंत टिकते. शिवाय जिलेटिन शाकाहारी नसते, तेव्हा तयार पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहावा. पाच ग्रॅम चायना ग्रास पाव लिटर पाण्यात वीस मिनिटे भिजवून, पूर्ण विरघळेपर्यंत उकळून गाळावे आणि मगच पाव लिटर फळांचा रस मिसळावा. रस फ्रिजमधला नको, मिसळताक्षणी गोळे होतात. आंबट रसाबरोबर उकळले तर जेली नीट जमत नाही.

अंडे चालत नसलेल्या घरी ट्रायफल करता येते, कारण कस्टर्ड पावडरीत अंडे नसतेच. 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती केली, तीच मुळी पत्नीला अंडे सोसत नव्हते म्हणून. स्पंज मात्र बिनअंड्याचा मागून घ्यावा.

फ्रिजमध्ये चार-पाच तास पुरेत. फ्रीझरमध्ये ठेवू नये. गोठून सुटले की कस्टर्डचे पाणी वेगळे होते. ठाण्याच्या मे महिन्यात हे भांडे तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये. वाशीला नातेवाइकांकडे न्यायचे असेल तर बर्फाच्या डब्यात न्यावे आणि डाळिंबाचे दाणे व क्रीम तिथे पोहोचल्यावरच वर घालावे.

आपल्या पुरवणीत पुढची कृती छापताना ग्रॅम, मिलिलिटर आणि मिनिटे द्यावीत, ही विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे