बबल टीच्या घरगुती संचातील चुकीच्या माहितीपत्रकाबाबत तक्रार

दिनांक : २० मे २०२४
जालना

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय : संचासोबतच्या मराठी माहितीपत्रकातील चुकीच्या कृतीमुळे झालेले नुकसान व पत्रकात करावयाची दुरुस्ती.

महोदय,

मी जालना येथील रहिवासी असून, आपल्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ६ मे रोजी फळांच्या स्वादाच्या बबल टीचा, म्हणजे तळाशी स्टार्चचे शिजवलेले मऊ गोळे (मोती) घातलेल्या पेयाचा, घरगुती संच ६४९ रुपये भरून मागवला होता. संच ११ मे रोजी सुस्थितीत पोहोचला, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबत आलेल्या मराठी माहितीपत्रकाबद्दल. त्यात छापलेली कृती मुळातच चुकीची आहे आणि ती जशीच्या तशी पाळल्यामुळेच संचातील निम्मे मोती वाया गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या भावाची दोन मुले छत्रपती संभाजीनगरहून आमच्याकडे आली आहेत. तिथल्या एका कॅफेत हे पेय घेतलेले असल्यामुळे आत्याने ते घरी करून द्यावे, असा त्यांचा हट्ट होता. आपल्या पत्रकातील पहिलीच सूचना अशी आहे : ‘मोती स्वच्छ धुऊन साबुदाण्याप्रमाणे अर्धा तास थंड पाण्यात भिजत ठेवा.’ गेली पंचवीस वर्षे मी दर एकादशीला साबुदाणा भिजवत आले आहे, त्यामुळे ही सूचना वाचून शंका घ्यावी असे मला वाटले नाही. अर्ध्या तासाने झाकण काढले, तेव्हा पातेल्यात तपकिरी, गढूळ पाणी होते आणि तळाशी लगदा बसला होता. वरचा एक मोती बोटांत धरला, तर तो ओल्या ढेकळासारखा विरून गेला. तरीही उरलेले उकळून पाहिले. पाच मिनिटांत त्याची कपड्यांना घालतात तशी खळ झाली. अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट असे गेले आणि मुले रिकामे ग्लास घेऊन ओट्याजवळ उभी राहिली.

यामागचे कारण मी नंतर समजून घेतले, आणि ते आपल्याला माहीत नसेल असे मला वाटत नाही. तमिळनाडूतील सेलम भागातून आपल्याकडे येणारा साबुदाणा आणि बबल टीचे मोती, दोन्ही टॅपिओकाच्या म्हणजे कसावाच्या कंदाच्या स्टार्चचेच असतात. परंतु साबुदाणा तयार करतानाच भाजला किंवा वाफवला जातो, त्यामुळे त्याचा वरचा थर आधीच शिजलेला असतो आणि तो पाणी पिऊनही आकार धरून ठेवतो. आपल्या मोत्यांतील पीठ मात्र बहुतांशी कच्चे असते. ते थेट खळखळत्या पाण्यात पडले, तरच बाहेरचा थर तत्काळ शिजून मोती बांधला जातो. थंड पाण्यात ते सुटते. तैवानमध्ये १९८० च्या दशकात हे पेय सुरू झाले आणि असे सुके मोती तेव्हापासून उकळत्या पाण्यातच सोडले जातात. दोन्ही पदार्थ एकाच कंदाचे आहेत एवढ्यावरून साबुदाण्याची कृती ज्याने मोत्यांना लावली, त्याने ती एकदाही करून पाहिलेली नाही, असे मला खात्रीने वाटते.

दुसरे पाकीट मी पत्रक बाजूला ठेवून केले. एक वाटी मोत्यांना आठ वाट्या पाणी घेतले, पाण्याला चांगली उकळी आल्यावर मोती न धुता सोडले, ते तरंगून वर आल्यावर मध्यम आचेवर पंचवीस मिनिटे शिजवले आणि गॅस बंद करून वीस मिनिटे झाकून ठेवले. नंतर थंड पाण्यातून काढून गुळाच्या पाकात घातले. एकही मोती फुटला नाही. हे मुद्दाम सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, १३ मे रोजी मी दूरध्वनी केला असता आपल्या प्रतिनिधीने ‘तुमच्या भागातले पाणी जड असेल, त्यामुळे असे होते’ असे उत्तर दिले. आमचे बोअरचे पाणी जड आहे हे खरे. परंतु दोन्ही पाकिटांना पाणी त्याच टाकीतले होते. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. अशा ठिकाणी पातेलेभर पाणी ओतून द्यावे लागणे हेही नुकसानच आहे, हे आपल्या प्रतिनिधीला समजावे अशी माझी अपेक्षा होती.

पत्रकात इतरही चुका आहेत. स्ट्रॉबेरीची भुकटी ‘गरम दुधात’ मिसळावी असे लिहिले आहे. तिच्या घटकांत सायट्रिक आम्ल आहे आणि गरम दुधात आम्ल पडले की ते नासते, हे पनीर करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. माझे अर्धा लिटर म्हशीचे दूध त्यामुळे फाटले. उरलेले शिजवलेले मोती दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवता येतात, असेही लिहिले आहे. प्रत्यक्षात ते रात्रभरात शिळ्या साबुदाण्याच्या खिचडीसारखे टणक झाले.

सर्वांत गंभीर बाब नळ्यांची आहे. संचातील नळ्या साध्या सरबताच्या, मी मोजल्या तेव्हा सहा मिलिमीटर रुंदीच्या भरल्या, तर शिजून फुगलेला मोती नऊ मिलिमीटरचा होता. या पेयासाठी साधारण बारा मिलिमीटरची नळी वापरतात. मोती नळीच्या तोंडाशी अडकत असल्यामुळे धाकट्याने, जो चार वर्षांचा आहे, नळी टाकून ग्लास तोंडाला लावला आणि घोटाबरोबर एक अख्खा मोती घशाशी जाऊन त्याला जोराचा ठसका लागला. मी शेजारीच होते आणि तो लगेच सावरला. लहान मुलांना हे मोती देऊ नयेत किंवा चावून खायला सांगावे, असा एक शब्दही पत्रकात नाही.

वेष्टनाबद्दलही लिहिणे भाग आहे. पुढच्या बाजूला कापलेल्या पिकलेल्या आंब्याचे मोठे चित्र व ‘फळांचा खरा स्वाद’ असे शब्द आहेत. मागे बारीक अक्षरांत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, कृत्रिम स्वाद आणि रंग. आंबा कुठेच नाही. मराठवाडा केसरला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि मे महिन्यात तो आमच्या घरातच असतो. दुसऱ्या पाकिटातील मोत्यांवर मी अखेर त्याचाच रस थंड दुधात घालून ओतला, तेव्हा मुलांनी ग्लास रिकामे केले. आपली आंब्याची भुकटी तशीच पडून आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न दिल्यामुळे ग्राहकाला इजा झाली, तर उत्पादक जबाबदार ठरतो. इजा होण्याची वाट न पाहता आपण पत्रक दुरुस्त करावे, ही माझी पहिली मागणी आहे. दुरुस्त कृती ज्यांनी हा संच आधी घेतला आहे त्यांनाही संदेशाने कळवावी, लहान मुलांबाबतचा इशारा ठळक अक्षरांत छापावा आणि योग्य रुंदीच्या नळ्या द्याव्यात. माझे ६४९ रुपये परत करावेत.

ई-वाणिज्य नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जालना जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक ग्राहक, जालना
(नाव, पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक ऑर्डरच्या नोंदीत आहेत.)

सोबत : देयकाची प्रत, माहितीपत्रकाची छायाप्रत, विरघळलेल्या मोत्यांची दोन छायाचित्रे, मोजपट्टीवर ठेवलेल्या नळीचे व मोत्याचे छायाचित्र.