मंत्री साहेब, ठेकेदाराचं बिल पास करायच्या आधी वेबसाइट माझ्या ताईला वापरू द्या

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा राज्य

साहेब, नमस्कार.

मी फोंड्याचा. माझी थोरली ताई जन्मापासून अंध, एमए झालीय, लॅपटॉपवर एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून मेल, बातम्या, बँकेची कामं सगळं स्वतःच करते. गेल्या महिन्यात तिला एका सरकारी खात्याचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, मी बाजूलाच बसलो होतो. टॅब दाबला की आवाज येतो, "एडिट, ब्लँक." परत टॅब, परत "एडिट, ब्लँक." नऊ रकाने आणि नऊ वेळा तेच. नाव कुठे घालायचं, आधार नंबर कुठे, काहीच पत्ता नाही, कारण रकान्याच्या बाजूला लिहिलेलं नुसतं डोळ्यांना दिसतं, कोडमध्ये ते लेबल रकान्याला जोडलेलंच नाही. सूचनांची पीडीएफ उघडली तर कागद स्कॅन करून टाकलेला, म्हणजे एनव्हीडीएच्या लेखी तो फोटो, त्यात एक अक्षर सापडेना. शेवटी कॅप्चा, वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र, ऐकायची सोय नाही.

ताईने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "भर तूच."

मग तिचा पासवर्ड, बँक खातं, सगळं मी टाइप केलं. मी भाऊ आहे म्हणून चाललं, पण ज्याच्या घरी कोणी नाही त्याने सायबर कॅफेत परक्या माणसाला पासवर्ड सांगायचा का?

2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सरकारी वेबसाइटींसाठी केंद्राच्या गाइडलाइन्स 2009 पासून आहेत, आणि 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने तर सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. 2023 च्या जानेवारीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट आपल्या पणजीत झाला, ताई गेली होती, आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. म्हणूनच जास्त लागतं, साहेब. ज्या राज्याने तिला एवढ्या मानाने बोलावलं त्याच राज्याचा फॉर्म तिला भरता येत नाही.

लेबल जोडणं हे डेव्हलपरला फार तर एक-दोन दिवसांचं काम, कॅप्चाच्या जागी ओटीपी चालतो, आणि पीडीएफ मुळात कॉम्प्युटरवरच टाइप केलेली असते, ती प्रिंट काढून परत स्कॅन कशाला करायची तेच कळत नाही.

माझं मागणं एवढंच की वेबसाइटच्या टेंडरमध्येच अट घाला, अंध माणसाने एकट्याने, कोणाची मदत न घेता, पूर्ण फॉर्म भरून सबमिट केल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल पास करायचं नाही. आणि तपासणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे द्या, ते कामच आहे.

ताई यायला तयार आहे, लॅपटॉप स्वतःचाच आणेल. पणजीला कुठल्या दिवशी यायचं तेवढं कळवा.

आपला,
तिचा धाकटा भाऊ, फोंडा